पलंग होता म्हणून

कुलर चालू होता, त्यामुळे कपाट पडल्याचा आवाज सोनलला नीट आलाच नाही. तव्यावरची पोळी उलटताना पायाखालची फरशी थरथरल्यासारखी वाटली, गल्लीतून रेतीचा डंपर गेला की थरथरते तशी, आणि तिने पोळी उलटलीही. दचकली ती नंतर. मागच्या खोलीत मुक्ता काहीतरी गात होती, शब्द नसलेलं, स्वतःपुरतं, आणि ते मध्येच तुटलं होतं. सोनल पोळी तव्यावर ठेवून धावली. (ती पोळी पुढे जळून कोळसा झाली. घरभर धूर झाला आणि सासूबाईंनी त्या दिवशी सगळ्यात आधी विचारलं ते धुराचं.) खोलीच्या दारात ती उभी राहिली तेव्हा समोर कपाट उभंही नव्हतं आणि पडलेलंही नव्हतं. ते पुढे झुकून पलंगाच्या पायथ्याच्या कडेवर टेकलं होतं. पाचही ड्रॉवर जिभा काढल्यासारखे बाहेर आलेले. कपाट, फरशी आणि पलंग यांच्यामध्ये एक त्रिकोणी पोकळी उरली होती आणि त्या पोकळीत मुक्ता बसली होती. ओठ फुटलेला, मुठीत एक मोजा. ती रडत नव्हती. तंबूतून बघावं तशी ती आईकडे बघत होती, आता हे काय झालं ते तू सांग, अशा चेहऱ्याने. सोनलने तिला बाहेर ओढलं, आणि मग ती रडली. मुक्ता. सोनल रडली नाही. सोनलच्या पोटात काहीतरी तापायला लागलं होतं आणि ते काय आहे हे तिला अजून कळलं नव्हतं.

झालं कसं, हे सांगायला पुढे बरेच जण निघाले. त्यांतलं कुणीच तिथे नव्हतं.

सासूबाई म्हणजे पुष्पाबाई. त्या अंगणात पापड वाळत घालत होत्या. त्यांनी सांगितलं की पोरीला नजर लागली, कालच ती नवा फ्रॉक घालून गल्लीभर फिरली होती. वर राहणारे घरमालक पितांबर नाना जिना उतरून आले. ते म्हणाले, आजकालचा माल हलका, भुशाचं लाकूड, पूर्वीचं सागवानी असतं तर हललं नसतं. (सागवानी असतं तर पलंगासकट पोर चिरडली असती. हे सोनल मनात म्हणाली.) शेजारच्या जुबेदाभाभीने काहीच सांगितलं नाही. तिने बर्फ आणला आणि मुक्ताच्या ओठाला लावला. आणि सगळ्यांचं सगळं सांगून झाल्यावर जे उरलं ते पुष्पाबाईंनी अहिराणीत, साध्या आवाजात, जणू पाणी आलं का नळाला असं विचारावं तसं विचारलं.

"तुनं ध्यान कोठे व्हतं?"

पोळ्यांवर होतं. तुमच्या. हे ती बोलली नाही.

"नशीब भारी शे पोरनं," पुष्पाबाई नानांना म्हणाल्या. "पलंग व्हता म्हनीसन वाचनी."

पलंग होता म्हणून. त्या दिवशी हे वाक्य या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं की संध्याकाळपर्यंत तो पलंग घरातला कर्ता पुरुष वाटायला लागला. खोली लहान, पलंग मोठा, दुसरीकडे कुठे मावत नव्हता म्हणून कपाटासमोर आडवा पडलेला. रोज सोनलची नडगी त्याच्या कोपऱ्यावर आपटायची आणि ती त्याला शिव्या द्यायची. कुणी तो तिथे मुक्तासाठी ठेवला नव्हता. आणि आता सगळे त्याच्याकडे असे बघत होते की त्यानेच हात पुढे केला होता. वाचली म्हणे. सोनलला त्या शब्दाचाच राग यायला लागला. वाचली म्हटलं की गोष्ट संपते, माणसं चहा पितात, कपबशा विसळायला टाकतात. कुणी विचारत नाही की वाचण्याची वेळ का आली, आणि उद्या काय.

सोनलचा नवरा तेजस नरडाण्याहून आला तोवर ऊन कललं होतं. तो तिथल्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात होता. आल्या आल्या त्याने मुक्ताला उचललं, ओठ बघितला, डोळे बघितले, तिला दोनदा हवेत उडवलं आणि ती हसली तेव्हा त्याचाही जीव खाली बसला. मग त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. नाना, धरा त्या बाजूने, म्हणाला. दोघांनी कपाट उचललं आणि उभं केलं. होतं तिथेच, त्याच भिंतीला, फरशीवर पायांचे डाग होते त्याच डागांवर. ड्रॉवर एकेक करून सरकवले. चॅनलच्या रुळांवरून ते गुळगुळीत आत गेले, सुर्र, सुर्र, फार सुंदर आवाज. पुष्पाबाईंनी फ्रॉक, मोजे, टोपडी घडी करून भरली. आणि कपाटाच्या डोक्यावर जे होतं ते सगळं परत डोक्यावर गेलं. तेजसचा जुना मोबाईल, पावडरचा डबा, बेसनाच्या लाडवांचा डबा, गाणी म्हणणारा प्लास्टिकचा पोपट. मुक्ताचा हात पोचू नये म्हणून. मुक्ताला जे जे हवं ते सगळं या घरात त्या कपाटाच्या डोक्यावर होतं, आणि खाली पाच ड्रॉवर, पाच पायऱ्या. या वेळी लाडवांचा डबा तेजसने अगदी मागे, भिंतीला चिकटवून ठेवला. आता नाही पोचणार, म्हणाला.

सोनल दारात उभी राहून बघत होती. कपाट परत उभं राहिलं त्या क्षणी पोटातल्या त्या गोष्टीला नाव सापडलं. भीती दुपारीच येऊन गेली होती. हा राग होता.

"अहो, याला भिंतीत स्क्रू मारून बांधायला लागेल."

"रविवारी बघू."

"आज."

"सोनल, नुकताच आलोय मी. आणि नानांची भिंत आहे."

नाना जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते, तिथूनच त्यांनी सांगितलं, "भिंतीला भोक नको बरं का सूनबाई. आधीच्या बिऱ्हाडाने कॅलेंडरसाठी एक खिळा मारला, तर हातभर पोपडा निघाला. दोन वर्षं ते कॅलेंडर नुसतं पोपडा झाकायला होतं."

तेजस हसला. नानांचे विनोद चांगले असतात. सोनलला एरवी हसू आलं असतं. पण तिला दिसला नरडाण्याचा तो कारखाना, जिथे ती गेल्या वर्षी सुरक्षा सप्ताहात सगळ्यांच्या बायकांबरोबर गेली होती. पिवळी शिरस्त्राणं, मोठाले फलक, आणि तेजस कौतुकाने दाखवत होता, हे बघ, इथला एकेक रॅक भिंतीला बांधलेला आहे, बांधल्याशिवाय वर एक खोकं ठेवू देत नाही आम्ही. प्रश्नमंजुषेत त्याला बक्षीस मिळालं होतं, पाण्याची स्टीलची बाटली. त्या बाटलीतून तो आत्ता पाणी पीत होता. सोनलने त्याच्या गळ्याची हालचाल बघितली, वर, खाली, आणि तिला ती बाटली त्याच्या हातातून घेऊन… जाऊ दे. खोक्यांसाठी बांधतात. खोकं पडलं तर कंपनीचं नुकसान होतं.

आणि आणखी एक.

आणखी एक म्हणजे हर्षल. तिचा धाकटा भाऊ, मुक्ताईनगरला असतो. मुक्ताचं जावळ झालं तेव्हा तो मामा म्हणून तिला मांडीवर घेऊन बसला होता, आणि हे कपाट त्याने त्या जावळाला दिलेलं. खोक्यातून सुटं आलं होतं. पांढरं, कडांना गुलाबी रेघ, प्रत्येक ड्रॉवरवर एक सशाचं तोंड. अख्खी दुपार घाम गाळत त्याने स्वतः ते जोडलं, आणि पाहुणे म्हणाले, मामा असावा तर असा. सोनलने त्याला फोन लावला.

"हर्षल, ते कपाट जोडलंस तेव्हा काही उरलं होतं का?"

"म्हणजे?"

"स्क्रू, पट्टी, असं काही."

"उरलं होतं ना. दोन-तीन स्क्रू आणि एक कापडी पट्टी. कंपनी जास्तच देते ताई. ते उरतातच."

"कुठे आहे ती पट्टी?"

"मला काय माहीत? खोक्याबरोबर गेली असेल. का गं?"

तिने सांगितलं.  मग हर्षल म्हणाला, आणि त्याचा आवाज दुखावलेला होता, "म्हणजे माझं देणं वाईट का? मी हौसेनं दिलं, ताई. तुझं लक्ष असायला पाहिजे होतं ना पोरीकडे."

हर्षलच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं आहे. त्याच अर्ध्या बोटाने स्क्रू धरून त्याने ते कपाट जोडलं. मुक्ताईनगरच्या घरात ओसरीवर एक लोखंडी घडीची खाट होती, मधून दुमडणारी, दुमडली की सळया एकमेकींवर कात्रीसारख्या येणारी. उन्हाळ्याच्या सुटीत सोनल हर्षलला सांभाळत होती. ती तरी केवढी होती, फ्रॉकमधली. आजोबा झोपून उठले, त्यांनी उठता उठता खाट दुमडली, आणि हर्षलचं बोट त्या कात्रीत होतं. त्या आवाजाला शब्द नाही. ओली काडी मोडावी, तसा काहीसा. त्यानंतर धावाधाव, हळद, चादरीवर लाल, आणि त्या सगळ्यातून वाट काढत आलेला आईचा हात थेट सोनलच्या गालावर. तुझं लक्ष कुठे होतं. खाट दुमडली आजोबांनी. दुमडण्याच्या जागी कात्री ठेवली ती खाट करणाऱ्याने. बोट घातलं हर्षलने. मार सोनलला. आणि ती खाट? ती खाट तिचं लग्न होईपर्यंत त्याच ओसरीवर होती. दर उन्हाळ्यात उघडत होती, मिटत होती. तिला कुणी मारलं नाही. इतकी वर्षं सोनल ते बोट बघून मान खाली घालत आली, राखी बांधतानासुद्धा ते बोट टाळून मनगट धरायची. आणि आज तोच हर्षल तेच वाक्य तिला परत देत होता, जसंच्या तसं, जणू आईने मरताना ते त्याच्याकडे सांभाळायला दिलं होतं. सोनलने फोन ठेवला. मान मात्र खाली गेली नाही. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई देवळात गेल्या असताना सोनल फरशीवर बसली, मग ओणवी झाली, मग मुक्तामागोमाग गुडघ्यांवर घरभर फिरली. मुक्ताला हा खेळ फार आवडला. खालून ते घर तिच्या ओळखीचं नव्हतं. वरून टीपॉय म्हणजे काच, फुलदाणी, वर्तमानपत्र. खालून ते चार टोकं होतं, आणि चारही टोकं बरोबर मुक्ताच्या डोळ्यांच्या रेषेत. पुढच्या खोलीतल्या दिवाणाचं झाकण वरून गादीखाली झाकलेलं. खालून ती फट दिसायची, बोटं घालायला अगदी बेताची, आणि ते झाकण उचलून धरायला सोनलला स्वतःला डोक्याचा टेकू द्यायला लागायचा. टीव्ही ज्या लाकडी खोक्यावर होता ते खोकं टीव्हीपेक्षा अरुंद होतं. आणि वायर लोंबत होती, ओढून बघ म्हणणारी. कुलर खिडकीत होता, पण तो ज्यावर टेकला होता तो लोखंडी घोडा खोलीत होता, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. ती घडी मुक्ताने सोनलच्या डोळ्यांदेखत काढली आणि तिला आणून दिली, भेट म्हणून. सोनलने ती परत घातली.  हे सगळं त्यांनी घेतलं होतं, एकेक करून, हौसेने, पुसून-बिसून ठेवलं होतं. यालाच संसार म्हणायचे. या घरातली प्रत्येक वस्तू मोठ्या माणसांच्या कमरेपासून वर शहाणी होती आणि कमरेखाली जनावर. मागच्या खोलीत तिने कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. एका हाताने सरकलं, इतकं हलकं. मागच्या पुठ्ठ्यावर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर चित्र: ड्रॉवरवर चढलेलं मूल, त्याच्यावर येणारं कपाट, आणि त्यावर लाल फुली. शेजारी दुसरं चित्र, पट्टीने भिंतीला बांधलेलं कपाट, फुली नाही. अक्षर वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं. आणि ते त्यांनी भिंतीकडे तोंड करून चिकटवलं होतं. ज्याने कुणी ते तिथे चिकटवलं त्याचं जेवण झालं असेल, तो घरी गेला असेल. सोनल हसली. हसताना दात एकमेकांवर घासले गेले.

तेजस संध्याकाळी आला तेव्हा तिने त्याला ते चित्र दाखवलं. त्याने वाकून बघितलं, खरंच की, म्हणाला, आणि म्हणाला, रविवारी नक्की. आणि पुष्पाबाईंनी आतून सांगितलं की मामाची जावळाची वस्तू, तिला भोकं पाडतात का कुठे. आणि रविवारच्या आधी आखाजी होती, अक्षय्य तृतीया.

आखाजीला लेकी माहेरी येतात. तेजसची बहीण लता तिच्या दोन पोरांना घेऊन येणार होती, धाकटं नुकतंच चालायला लागलेलं. उकाड्यात सगळ्यांना कुलरसमोर झोपायचं, म्हणून पलंग पुढच्या खोलीत न्यायचा, हे पुष्पाबाईंनी ठरवलं. मागची खोली पोरांना खेळायला मोकळी होईल, म्हणाल्या.

"पलंग काढायचा?" सोनलने विचारलं.

"मंग? लता काय खाले निजी?"

"आई, पलंग होता म्हणून वाचली, असं तुम्हीच म्हणता ना?"

"ते व्हयनं ते व्हयनं. रोज रोज पडस का कपाट?"

 सोनल गप्प बसली म्हणून पुष्पाबाईंना बरं वाटलं. आपली सून तोंडाळ नाही, हे त्या लोकांना नेहमी सांगत.

लता येणार त्या दिवशी सकाळी तिने मुक्ताला कडेवर घेतलं आणि जुबेदाभाभीकडे नेऊन सोडलं. भाभी, दाराला वरची कडी लावा, मी हाक मारेपर्यंत उघडू नका. जुबेदाने तिच्या तोंडाकडे बघितलं. "लडाई आहे का?" म्हणाली. "नाही, पलंग हलवायचाय," सोनल म्हणाली. "मग जा. ही माझ्याकडे राहील जेवेपर्यंत." घरी येऊन तिने पलंगाची एक बाजू स्वतः धरली. तेजसने दुसरी. फरशीला चरे पडू नयेत म्हणून नाना खाली उतरले होते आणि गोणपाट घालून देत होते. हळू, हळू, डावीकडे. पलंग गेला. मागची खोली एकदम मोठी झाली, उजेडाची, आणि त्या मोकळ्या फरशीसमोर ते पांढरं कपाट एकटं उभं राहिलं, सशांची पाच तोंडं घेऊन.

"किती ऐसपैस वाटतंय," नाना म्हणाले.

"थांबा सगळे," सोनल म्हणाली. "एक मिनिट. आई, तुम्हीपण या."

ती स्वयंपाकघरातून पिठाचा डबा घेऊन आली. आखाजीचं दळण, कालच गिरणीतून आणलेलं, काठोकाठ भरलेलं. गिरणीतून येताना तिच्या एका कडेवर मुक्ता असायची आणि दुसऱ्या कडेवर हा डबा, आणि दोन्ही बाजू सारख्याच दुखायच्या. तेजस म्हणाला, हे काय. ती म्हणाली, तुम्ही मागे सरा, भिंतीला टेकून उभे राहा. नाना, तुम्हीसुद्धा. तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की तिघंही सरकली. तिने ड्रॉवर उघडले. खालून वर, एकेक, मुक्ता उघडते तसे. सुर्र. सुर्र. कपाटाने अजून काही केलं नव्हतं.

"बघताय ना? नीट बघा. सगळ्यांचं लक्ष आहे ना? आई, तुमचं ध्यान इथेच आहे ना?"

"डोकं फिरनं का व तुनं?" पुष्पाबाई म्हणाल्या.

सोनलने बाजूला उभं राहून डबा मधल्या ड्रॉवरच्या पुढच्या काठावर टेकवला आणि हात काढून घेतला.

कपाट जणू विचार करत असल्यासारखं थोडं थांबलं. मागचे पाय फरशीवरून सुटले. तेजस ओरडला आणि त्याने हात पुढे केले. भिंतीपासून कपाटापर्यंत चार पावलं होती, त्याने त्यातलं एक टाकलं. एकच. मग फरशीवर ते आपटलं. या वेळी आवाज आला, कुलरच्या वरताण आला, वरच्या मजल्यावर नानांचं कुत्रं भुंकायला लागलं. लाडवांचा डबा भिंतीपर्यंत घरंगळत गेला. प्लास्टिकचा पोपट गाणं म्हणायला लागला. पिठाचा डबा कुठे दिसत नव्हता, तो कपाटाच्या खाली होता, आणि कडेच्या फटींतून पीठ बाहेर आलं होतं, चारी बाजूंनी, आणि खोलीभर हवेत होतं. तिघांच्या भुवयांवर, नानांच्या टोपीवर, तेजसच्या पुढे केलेल्या हातांवर. पोपटाचं गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"तिघं होतात," सोनल म्हणाली. "मोठी माणसं. डोळे उघडे. सांगून केलं मी."

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. पदराआडून त्या म्हणाल्या, "बठ्ठं पीठ वाया गयं." पण त्यांची नजर पिठावर नव्हती. कपाटाखालून डब्याची एक कड दिसत होती, चेपलेली, आणि त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्या खाली फरशीवर बसल्या.

नाना काहीतरी बोलणार होते. फरशीच्या दोन लाद्या फुटल्या होत्या, त्या त्यांनी बघितल्या. मग त्यांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली.

तेजस पुढे आला. सवयीने वाकला, कपाटाच्या एका कडेखाली बोटं घातली, उचलण्याच्या तयारीत. "धर त्या बाजूने," म्हणाला. सोनल पुढे आली. तिने ती बाजू धरली नाही. ती आडव्या कपाटाच्या पाठीवर बसली, त्या चित्राच्या शेजारी, लाल फुलीवर हात टेकवून. पीठ अजून खाली उतरत होतं.

"आधी भिंत," ती म्हणाली.

"सोनल, लता येईल दुपारपर्यंत."

"येऊ दे. बघू दे."

तेजसने नानांकडे बघितलं. नानांनी भिंतीकडे. तेजसची बोटं कडेखालीच होती. वजन आता नुसत्या कपाटाचं राहिलं नव्हतं, आणि ते त्याला एकट्याने उचलत नव्हतं.